साहेबाचे ओटे

विजयदुर्गाच्या किल्ल्यात काही ओटे आहेत. लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने येथे दुर्बीण मांडली आणि सूर्यावरचा हेलियम शोधला, ही कथा आमच्या मुलखात घरोघर ठाऊक आहे. विजयदुर्ग आता सिंधुदुर्गात मोडतो. पण १९८१ पर्यंत तो आम्हा रत्नागिरीकरांचाच होता. जिल्ह्याची वाटणी झाली, अभिमानाची अजून झालेली नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. शाळेत चित्रकला शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. सहलीबरोबर विजयदुर्गास गेलो की ही कथा रंगवून सांगण्याचा मान माझ्याकडे असे. एका वर्षी सहावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, ऑगस्टात तर पाऊस असतो. मग साहेबाला सूर्य दिसला कसा?” मी म्हणालो, “साहेबासाठी पाऊस थांबला असेल!” मुले हसली. ती मुलगी ओशाळून मागे सरली.

ते हसू माझ्या मनातून गेले नाही. शेवटी मी पुस्तके उघडली. १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होता. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशातील ती पिवळी रेषा त्याने त्या वर्षी ऑक्टोबरात तिथूनच अभ्यासली. ऑगस्टच्या ग्रहणासाठी फ्रेंच जान्सेन गुंटूरला, पॉगसन मच्छलीपट्टणला आणि धाकटा जॉन हर्शेल जमखिंडीस होता. लॉकियर विजयदुर्गास आला खरा. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे बहुधा तेव्हाचेच असावेत. म्हणजे किल्ला खरा, साहेब खरा. तारीख तेवढी खोटी. आणि १८९५ मध्येच रॅम्सेने हेलियम पृथ्वीवर हाती धरला होता.

मग प्रश्न पडला : यात बिघडले काय? एका निरुपद्रवी कथेने गावाला चार माणसांत मान मिळत असेल, तर मास्तरने तीत का खोडा घालावा?

याचे उत्तर मला फार लांबून मिळाले. १९९५ मध्ये मेयर आणि केलो यांनी एका परक्या सूर्याभोवती अवघ्या चार दिवसांत फेरी मारणारा गुरूसारखा प्रचंड ग्रह शोधला. असे तापलेले महाग्रह पुढे पुष्कळ सापडले. ते बहुतेक डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. त्यातला काही अंश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो, आणि तेथील वायू आपापल्या ठराविक रंगाचा प्रकाश गिळतात. कोणता रंग किती उणा झाला, यावरून वायू ओळखायचा. शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या हवेची ही साक्ष! २०१८ मध्ये वास्प-१०७ बी या ग्रहाच्या वातावरणात याच रीतीने हेलियम सापडला. ताऱ्याच्या तापाने तो ग्रहावरून निसटतो आहे. ही वार्ता ‘नेचर’मध्ये छापली गेली. हे नियतकालिक १८६९ मध्ये कोणी सुरू केले? आमच्याच साहेबाने.

पण मला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. परग्रहाच्या वातावरणाचा पहिला शोध एचडी २०९४५८ बी या ग्रहावरील सोडियमचा. तो २००१ मध्ये जाहीर झाला. पाठ्यपुस्तकांत जावा असा तो शोध. सुमारे वीस वर्षांनी काही अभ्यासकांनी अधिक सूक्ष्म उपकरणांनी पुन्हा पाहून विचारले : ही खूण ग्रहाच्या हवेची, की ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्याने उमटलेली? विचारणाऱ्यांना कोणी हसून मागे सारले नाही. प्रश्न छापला गेला, त्यावर वाद चालला.

जिथे कधीच जाता येणार नाही, तेथल्या हवेविषयी माणूस ज्या अधिकाराने बोलतो, तो अधिकार या शंकेतूनच येतो. शंकेला दार उघडे आहे म्हणून दोनशे प्रकाशवर्षांवरचा हेलियम विश्वासार्ह. आणि मी ते दार लावले म्हणून एका दिवसाच्या प्रवासावरचा किल्ला अविश्वसनीय. खोट्या तारखेने विजयदुर्गाचे फारसे बिघडले नसेल. बिघडले त्या मुलीचे. विचारणे ही लाजेची गोष्ट आहे, हे तिला माझ्याकडून शिकायला मिळाले. आणि मास्तराच्या हातून याहून वाईट काम होणे कठीण.

मी आता कथा बदलली आहे. सोबतचे एक गुरुजी मला म्हणाले, “गावाचे नाव का घालवता?” मी म्हणालो, “गुरुजी, सूर्याकडे पाहण्यासाठी समुद्र ओलांडून माणूस आपल्या किल्ल्यावर आला, हे काय थोडे आहे? खरे तेवढेच पुरे.” ते काही बोलले नाहीत. पटले असे मी म्हणणार नाही.

ती मुलगी शाळा सोडून केव्हाच गेली. तिची क्षमा मागणे राहून गेले. पण ओट्यांपाशी पोचलो की मी मुलांना प्रथम आभाळाकडे पाहायला सांगतो आणि विचारतो, “ऑगस्टात येथे सूर्य दिसला असता का?” प्रश्न तिचा आहे, हेही सांगतो. मग साहेबाकडे वळतो.