मी सांगते, मी सांगतो

गेल्या वर्षी ऑफिसमध्ये माझ्याकडे एक छोटं काम आलं. ग्राहकांच्या प्रश्नांना मराठीत उत्तर देणारा चॅटबॉट आम्ही बनवत होतो. इंग्रजी वाक्यं तयार होती, ती मराठीत लिहायची होती. चहा संपायच्या आत मी साठेक वाक्यं लिहून टाकली. ‘मी तपासून सांगते.’ ‘मी तुम्हाला मदत करते.’ कोणी शिवी दिलीच तर? ‘माफ करा, मी पुन्हा प्रयत्न करते.’

टेस्टिंग करणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, “ही बाई आहे, हे कधी ठरलं?”

ठरलंच नव्हतं. इंग्रजीत ‘मी’ काहीही करो, क्रियापद तेच राहतं. मराठीत तोंड उघडलं की बाई की पुरुष हे सांगावंच लागतं. आणि मदत करणारी ती बाईच असणार, हे माझ्या बोटांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

ती बोटं कुठे शिकली, याचा मी शोध घेतला. त्या शोधात एक नटी सापडली, मॅजेल बॅरेट. ‘स्टार ट्रेक’चा पहिला नमुना भाग १९६४-६५मध्ये बनला, तेव्हा अंतराळयानावर कप्तानानंतरचा दुसरा अधिकार एका स्त्रीचा होता. तिला नाव नव्हतं, फक्त हुद्दा होता : नंबर वन. थंड डोक्याची, भावनेत न वाहणारी. ती भूमिका मॅजेलने केली. वाहिनीने तो भाग नाकारला. का, याचे निर्मात्यांचे आणि वाहिनीच्या लोकांचे किस्से वेगवेगळे आहेत. दुसऱ्यांदा मालिका बनली तेव्हा ते पात्र गेलं. तिचं थंड डोकं स्पॉक नावाच्या पुरुष पात्राला मिळालं. मॅजेल परत आली ती नर्स म्हणून, आणि यानाच्या कॉम्प्युटरचा आवाज म्हणून.

म्हणजे आधी अधिकारी, मग परिचारिका, मग शरीरही नसलेला आवाज. पुढे २०१४मध्ये अॅमेझॉनने अलेक्सा आणली. तिच्यामागची प्रेरणा ‘स्टार ट्रेक’चा तो बोलणारा कॉम्प्युटर होता, असं कंपनीच्या लोकांनीच सांगितलं आहे. माझी साठ वाक्यं त्याच रांगेत उभी होती.

आमचे मॅनेजर म्हणाले, “लोकांना बाईचा आवाज आवडतो. मऊ वाटतो. यात नैतिक प्रश्न कुठे आला?”

प्रश्न खरा आहे, तो झटकता येत नाही. पण मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याचा. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. जुनी माणसं सांगतात, पूर्वी बाईचं काम पुरुषच करायचे. दिवसा नांगर धरणारा माणूस रात्री लुगडं नेसून आई व्हायचा आणि सगळा गाव त्याच्यासाठी रडायचा. तेव्हा आईला तोच आवाज शोभतो असं लोकांना वाटत होतं. कानाला जे ‘नैसर्गिक’ वाटतं, ते बरंचसं सवयीने घडलेलं असतं. ती सवय आम्ही बॉटमध्ये पुन्हा घालत होतो.

पण याहून अवघड प्रश्न वेगळा आहे. मदतनीस असणं कमीपणाचं आहे का?

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका १९६३पासूनची. तिची पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट मालिका सुरू झाली तेव्हा जेमतेम २७ वर्षांची होती. पडद्यावर मात्र डॉक्टर कायम पुरुष, आणि बहुतेक वेळा त्याच्यासोबत फिरणारी एखादी तरुणी. जोडी व्हिटेकर डॉक्टर म्हणून पूर्ण मालिकेत दिसायला २०१८ उजाडलं. तरी मला त्या सोबतिणी बिनकामाच्या वाटत नाहीत. ‘हे काय आहे? असं का?’ हे प्रश्न त्याच विचारतात. प्रश्न विचारणारं कोणी नसेल तर डॉक्टर एकटाच बडबडत बसेल.

आपल्याकडचं उदाहरण ‘शक्तिमान’मधली गीता विश्वास. एप्रिल २०२०मध्ये, लॉकडाऊनमध्ये, दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवलं. मी तेव्हा घरी होतो. सहा वर्षांचा असताना त्याच घरात, ताईच्या शेजारी बसून पाहिलेली ती मालिका आम्ही पुन्हा पाहिली. लहानपणी मी फक्त गोल फिरणाऱ्या शक्तिमानकडे बघत होतो. या वेळी ताई म्हणाली, “बातमी काढते ते गीता, जीव धोक्यात टाकते ते गीता. हा शेवटी येते अन् नाव घेऊन जाते.”

गीता हुशार, धाडसी पत्रकार. पण तिच्याच ऑफिसातला बावळट गंगाधर म्हणजे शक्तिमान, हे तिला कळू द्यायचं नाही. कळलं तर गोष्ट संपते. तिची हुशारी गोष्टीला जेवढी परवडते, तेवढीच.

इथे मला फरक दिसतो. मदत करणं हा सद्गुण आहे, पण ‘नाही’ म्हणता येत असेल तरच. ज्याला नकार देता येत नाही, त्याचा होकार म्हणजे नुसतं बटण. माणसाला केवळ साधन समजू नका, त्याला स्वतःचंही साध्य असतं, असं कांट सांगतो. सोबतीण आणि साधन यांतला फरक तपासायचा तर दोन प्रश्न पुरतात. नायकाशी संबंध नसलेलं असं तिला काय हवं आहे? आणि ती नाही म्हणाली तर गोष्ट तिचं ऐकते का?

हे प्रश्न खऱ्या घरांना विचारले की उत्तरं गुंतागुंतीची येतात. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती उतरवून दिली मंगला नारळीकरांनी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मराठी विज्ञानकथेच्या त्या गाजलेल्या हस्तलिखितातलं अक्षर एका गणितज्ञ स्त्रीचं होतं. विद्यापीठात एम.ए.ला पहिली आलेली, लग्नानंतर दीड दशकाने, १९८१मध्ये पीएच.डी. मिळवलेली, पुढे ‘गणितगप्पा’ लिहिणारी. त्यांना बिचारी म्हणणं त्यांचा अपमान ठरेल. त्यांचे स्वतःचे प्रश्न होते आणि त्यांनी ते सोडवले. पण त्या प्रश्नांसाठी कोणाला किती थांबावं लागलं, हा हिशेब तरीही उरतोच.

आमच्या घरातही एक अक्षर आहे. इंजिनीअरिंगच्या सुट्ट्यांत माझ्या कितीतरी जर्नल्स ताईने लिहिल्या. बारावीचं गणित तिनेच शिकवलं. मी बारावी झालो त्याच वर्षी ती बी.एस्सी. झाली, तिला नागपूरला एम.एस्सी. करायचं होतं. घरात एकाच होस्टेलचे पैसे होते. कोणी तिला नाही म्हटलं नाही. कोणी तिला विचारलंही नाही. मीसुद्धा. आता ती चामोर्शीला मुलांना गणित शिकवते.

यंदा महाशिवरात्रीच्या जत्रेला गावी गेलो. वैनगंगेवरून परतताना देवळाच्या भिंतीपाशी थांबलो. लहानपणी मला वाटायचं, बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या या सगळ्या बायका आतल्या देवाच्या कामाला असतील. तिथे ताईला मी ‘सांगते-सांगतो’चा घोळ सांगितला. दोन्ही टाळून ‘सांगितलं जाईल’ लिहिलं तर तहसील कार्यालय वाटतं, हेही सांगितलं.

ती हसली. “‘सांगतं’ लिही. पोट्टं वाटन.” मग म्हणाली, “आपल्या इकडं तो बी सांगते अन् ती बी सांगते. काई फरक हाये का?”

खरंच की. आमच्या बोलीत तिकडच्या ‘तो सांगतो’चंही ‘तो सांगते’ होतं. व्याकरणाने कधीच दोघांना एका रांगेत बसवलं होतं. तरीही होस्टेलवर गेलो मी.

म्हणून बॉटचं क्रियापद बदलून जग बदलेल असं मी म्हणणार नाही. आम्ही एवढंच केलं : आवाज कोणता हवा हे ग्राहकाला आधी विचारायचं, आणि शिवी दिली तर माफी मागायची नाही. ‘अशा भाषेत बोलल्यास संभाषण इथे थांबेल.’ यंत्राला मन नसतं, माहीत आहे. पण त्याच्याशी बोलणारा माणूस ज्या सवयी लावून घेतो, त्या घेऊन तो घरी जातो.

उरलेली वाक्यं तपासून देशील का, असं मी सवयीने ताईला विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “मले पेपर तपासाचे हायेत.” चार पावलं पुढे जाऊन ती मागे वळली. “अन् तुमची कंपनी पैसे किती देते, ते सांग पहिले.”