विद्याभ्यास, स्वधर्म आणि वाया गेलेले वर्ष



ज्येष्ठ-आषाढ हा आपल्या भागात दोन गोष्टींचा काळ. एकीकडे दिंड्या पंढरीची वाट धरतात आणि दुसरीकडे बेळगाव-निपाणीच्या घराघरांत महाविद्यालयीन प्रवेशाची चर्चा चालते. ज्या घरातील मुलाचे पहिले वर्ष नुकतेच संपले आहे आणि जो आता "हा अभ्यासक्रम मला नको, मी दुसरा घेतो" असे म्हणत आहे, त्या घरात दोन वेळचे जेवणही मुकाट्याने होते. आईवडिलांच्या मनाला दोन शल्ये बोचत असतात. भरलेले पैसे गेले, हे एक. आणि हाती घेतलेले अर्ध्यावर टाकणे हा अधर्म होय, हे दुसरे. पैशाचा विचार पुढे करू. दुसऱ्या शल्याचा आधी केला पाहिजे, कारण त्याला शास्त्राचा आधार दिला जातो आणि तो पुष्कळदा अपुरा असतो.

परधर्म सुखाने आचरता आला तरी उणा असलेला स्वधर्मच बरा, असे भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आणि अठराव्यात पुन्हा सांगितले. हेच वचन मुलापुढे ठेवून "घेतलेस ना, आता पुरे कर" असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु बारावीच्या निकालानंतर आठ दिवसांत, शेजारच्या मुलाने काय घेतले ते पाहून भरलेला अर्ज म्हणजे स्वधर्म काय? अठराव्या अध्यायात कर्माची सांगड स्वभावाशी घातलेली आहे. जुन्या भाष्यकारांनी तेथे वर्णधर्माचा अर्थ घेतला, हे खरे. पण स्वभाव हा शब्द तेथे आहे आणि तो गाळून वचन वाचता येत नाही. ज्या मुलीचे मन इतिहासात रमते तिला वडिलांच्या हौसेखातर यंत्रशास्त्राला घातले, तर परधर्मात कोण पडले आहे? त्या घरी हे वचन मुलीच्या बाजूने साक्ष देईल.

तथापि, मुलांनीही एवढ्यावर हर्ष मानू नये. अर्जुनालाही कर्म बदलावयाचे होते. युद्ध सोडून भिक्षा मागून राहीन, असे तो म्हणाला. भगवंतांनी ते मान्य केले नाही, कारण ती इच्छा विवेकातून निघालेली नसून विषादातून निघालेली होती. आपल्या सीमाभागातील मुलाचा विषाद कसा असतो ते पाहा. दहावीपर्यंत मराठी शाळा. नंतर एकाएकी इंग्रजीतून व्याख्याने, वर्गात कन्नड बोलणारे सोबती, आणि पहिल्या सत्राला गणितात नापास. मुलगा घरी येऊन म्हणतो, अभियांत्रिकी माझी नव्हे. पण त्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असे बहुतेक सर्व शाखांना समान विषय असतात. ज्या शाखेला तो कंटाळला म्हणतो तिचे दर्शन त्याला अजून फारसे घडलेलेच नाही! तो पळतो आहे तो भाषेपासून, आणि ती भाषा पुढच्या अभ्यासक्रमाच्या दारातही उभी असणार. अशा मुलाला अभ्यासक्रम बदलून देण्यापेक्षा सहा महिने इंग्रजीची शिकवणी लावून देणे अधिक हिताचे.

विश्वामित्राची कथा या संदर्भात फार बोलकी आहे. राजाचा ऋषी होणे, म्हणजे सारा जीवनक्रमच बदलणे. ते त्याला साधले, पण केव्हा? वसिष्ठांकडून झालेल्या पराभवाची जळजळ मनात होती तोवर त्याचे तप पुन्हा पुन्हा खर्ची पडत गेले. काही त्रिशंकूसाठी गेले, काही मेनकेपायी, काही रंभेला दिलेल्या शापात. क्रोध जिरला तेव्हाच तो ब्रह्मर्षी झाला आणि स्वतः वसिष्ठांनी त्याला तसे मानले. वाट बदलणे निषिद्ध असते तर रामायणाने त्याला रामाचा गुरू केला नसता.

पुराणे दूर वाटत असतील तर आपल्याच शहराकडे वळू. काकासाहेब कालेलकर १९०७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले. मग त्यांनी वकिलीच्या अभ्यासक्रमाची पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आणि १९०८ मध्ये तो मार्ग सोडून ते बेळगावच्या गणेश विद्यालयात शिक्षक म्हणून रुजू झाले. वकिलीची सनद त्या काळी केवढी प्रतिष्ठेची! तरीही हा पदवीधर तरुण वकिली सोडून शाळेत आला आणि शिक्षण हेच पुढे त्यांचे आयुष्यभराचे कार्य ठरले. टाकले ते काय व धरले ते काय, हे दोन्ही त्यांना ठाऊक होते.

विनोबा भावे यांनी तर अधिक धाडस केले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस उतरला आणि काशीस गेला. आपण अन्यत्र जात आहोत, हे त्याने वडिलांना पत्राने कळविले. चोरून काही केले नाही. आपण हे उदाहरण ऐकतो आणि सुरतेपाशीच थांबतो. पुढचे ऐकावे. १९१७ मध्ये विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य यांचे अध्ययन केले आणि वर्ष भरताच ते परतले. परीक्षा सोडणाऱ्याने अभ्यास सोडला नव्हता, उलट वाढविला होता. ज्या मुलाला अभ्यासक्रम बदलावयाचा आहे, त्याने नव्या विषयाची दोन पुस्तके या सुट्टीत कोणी न सांगता वाचली आहेत काय, एवढे विचारावे. उत्तर त्याच्या तोंडावर दिसेल.

आता पैशाचे आणि वर्षाचे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबून किंवा विड्या वळून मुलाची फी भरणाऱ्या माउलीला "एक वर्ष गेले तर काय झाले" असे सांगणे ही क्रूरता होय. तिची चिंता खरी आहे आणि मुलाने तिच्यापाशी बसून हिशेब मांडला पाहिजे: किती भरले, किती परत मिळेल, कर्ज काढले असेल तर बँक काय म्हणते, नव्या ठिकाणी पहिल्याच वर्षात बसावे लागेल की दुसऱ्यात. पण गेलेले सारे वायाच गेले, असेही नाही. अर्जुनाने सहाव्या अध्यायात हाच प्रश्न विचारला आहे, की योगमार्गावरून मध्येच ढळलेला साधक दोन्हींकडून जातो काय? भगवंतांनी त्याला निःशंक अभय दिले. केलेला अभ्यास पुढील जन्मीही सोबत येतो, असे सांगितले. लोकमान्य टिळकांनी महाविद्यालयाचे पहिले वर्ष व्यायामात घालविले आणि त्या वर्षी ते नापास झाले. पुढे गणित घेऊन ते बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये एल्एल.बी. होऊनही वकिलीऐवजी शाळा व वृत्तपत्रे यांकडे वळले. ते गणित १८९३ च्या 'ओरायन' ग्रंथात ज्योतिषाच्या आकडेमोडीस उपयोगी पडले आणि तो कायदा त्यांना १९०८ च्या खटल्यात स्वतःची बाजू मांडताना कामी आला.

सरकारनेही आता या अभयाला एक व्यावहारिक रूप दिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक एका खात्यात जमा होतात आणि कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. अर्थात नवे महाविद्यालय त्यांतील किती धरील, हे तेथे जाऊन आधी विचारावे. खात्यात आहेत म्हणजे चालतीलच, असे समजू नये.

शेवटी निर्णय कोणाचा? अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला म्हटले, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. साक्षात परमेश्वर शिष्यावर सक्ती करीत नाही, तेथे आपण बाप म्हणून ती करावी काय? मात्र त्याआधी अठरा अध्याय सांगण्याइतका वेळ त्याने दिला, हेही ध्यानी घ्यावे. आपण अर्धा तासही देत नाही.

आपल्या भागापुरती एक गोष्ट अधिक. येथे अभ्यासक्रम बदलणे म्हणजे कित्येकदा राज्य बदलणे असते. निपाणीतील महाविद्यालये राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आणि लगतच्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे. कर्नाटकाने २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांच्या पदवीचा मार्ग धरला. महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय धोरणाची रचना चालू आहे. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, तिचे दाखले वेगळे काढावे लागतात. जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र मिळण्यास दिवस लागतात, तेव्हा घरातील विचार ठरताच अर्ज करावा; आणि जुन्या महाविद्यालयातील नाव, नव्या ठिकाणचा प्रवेश लेखी हाती येईपर्यंत, काढू नये.