समष्टीची गति व एकाचा खोळंबा

एखाद्या व्यवस्थेचा गाडा एकंदरीनें सुरळीत चालला असतां त्यांतील एकाची पाळी कधींच आली नाहीं, तर ती व्यवस्था न्याय्य म्हणावी काय? प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. पण त्याची फार चोख मांडणी आम्हांस अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, संगणकशास्त्रांत, आढळली.

गणना करणारे अनेक प्रोसेसर एका कामास जुंपले म्हणजे तें लौकर उरकतें खरें. परंतु त्यांची स्मृति पुष्कळदां सामाईक असते. एका खात्यांतील १०० रुपयांची शिल्लक दोघांनीं एकदमच वाचली, प्रत्येकानें तींत १० मिळविले व ११० असें लिहून टाकलें, तर १० रुपये नाहींसे झाले! म्हणून अशा जागीं एका वेळीं एकानेंच जावें, इतरांनीं दाराबाहेर थांबावें, असा निर्बंध लागतो. पण दारावर पहारेकरी नाहीं. १९६५ सालीं एड्स्गर डायक्स्ट्रा ह्या डच पंडितांनीं ह्यावर एक रीति प्रसिद्ध केली. त्या योगें आंत एका वेळीं एकच जातो, आणि आधीं कोणीं जावें ह्या घोळांत सर्वच अडकून पडत नाहींत. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील डोनाल्ड कनूथ ह्यांनीं तींतलें व्यंग दाखविलें. सर्वांचा मिळून गाडा अडत नाहीं. पण एखादा अभागी दाराशींच ताटकळत राहील, इतर पुनःपुनः आंत जाऊन येतील, आणि त्याची पाळी येईलच अशी हमी नाहीं.

असा प्रसंग क्वचितच यावयाचा, असें म्हणणारे व्यवहारी लोक निघतीलच. (असें म्हणणाऱ्याची पाळी बहुधा अगोदरच येऊन गेलेली असते!) यंत्रास भूक नाहीं, अपमान नाहीं, हेंहि मान्य. परंतु त्याच्या वांट्यास आलेलें काम कोणा तरी मनुष्याचें असतें, आणि एकंदर कामाचा हिशेब कितीहि चांगला दिसला तरी ह्या एकाचें थांबणें त्यांत कोठेंच नोंदलें जात नाहीं.

१९७४ सालीं लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनीं पावाच्या दुकानांतील क्रमांकाच्या चिठ्ठीवरून युक्ति योजिली. चिठ्ठ्या वांटणारा येथें कोणी नाहीं. येणारा प्रत्येक जण इतरांचे क्रमांक पाहून त्या सर्वांहून मोठा क्रमांक आपला आपणच घेतो, व ज्याचा लहान तो आधीं जातो. दोघांनीं एकाच क्षणीं पाहिलें तर क्रमांक सारखे निघतात. तेव्हां ज्याचें नांव मूळ यादींत वर आहे त्यास पुढें सोडावयाचें. हा पक्षपात नव्हे काय? आहे, पण तो एका खेपेपुरता. पुढें गेलेला परत आला म्हणजे त्यास मागें राहिलेल्याहून मोठाच क्रमांक घ्यावा लागतो. विषमता मुळींच नसावी हा हट्ट येथें चालत नाहीं. ती दुसऱ्या खेपेस उरूं नये एवढें साधतें, आणि आमच्या मतें तेवढें पुष्कळ झालें.

मात्र हें फुकट मिळत नाहीं. प्रोसेसर १००० असले तर आंत जाण्यापूर्वीं प्रत्येकास इतर ९९९ पाट्या वाचाव्या लागतात, मग दाराशीं दुसरें कोणी नसलें तरीहि. ज्यांना एवढा वेळ परवडत नाहीं त्यांनीं दुसऱ्या युक्त्या काढल्या आहेत. त्यांपैकीं अगदीं साध्या कुलुपांत जो आधीं झडप घालील तो आंत, आणि पाळीची हमी कोणासच नाहीं.