निमुळते आटे आणि चित्राचे सत्य

पौष अमावास्येच्या नागोबाच्या यात्रेसाठी मेस्राम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे पाणी घेऊन पायी केसलापुरास येतात. त्या पाण्याचे रक्षण व्रताने होते. याच आदिलाबाद जिल्ह्यात लोखंडी नळाने घरात येणाऱ्या पाण्याचे रक्षण मात्र नळीच्या टोकाशी कोरलेले निमुळते आटे करीत असतात. संगणकावरील आराखड्यात हे आटे कसे दाखवावेत, हा प्रश्न वरकरणी यंत्रज्ञांचा वाटेल. परंतु न दाखविणे आणि खोटे दाखविणे यांमधील सीमा कोठे, हा जुना प्रश्न त्यात दडलेला आहे.

आपल्याकडील प्रचलित मानकानुसार (भारतीय मानक ५५४) या आट्यांचा व्यास दर १६ मिलिमीटर लांबीमागे १ मिलिमीटर कमी होतो. अर्ध्या इंचाच्या म्हणविणाऱ्या आट्याचा बाहेरील व्यास मापपातळीवर २०.९५५ मिलिमीटर भरतो. नावातला अर्धा इंच आट्याच्या कोणत्याच व्यासात सापडत नाही! मग असत्याचा आरंभ नावापासूनच झाला म्हणावयाचा काय? नाही; कारण हा संकेत विकणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. कागदावरील आराखड्यातही आट्यांचे माथे जाड रेषेने व तळ बारीक रेषेने सुचवितात, एकेक वेढा काढीत बसत नाहीत. विधीने देवतेस व्यक्ती मानले आहे; १९२५ साली प्रमथनाथ मलिक प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते मान्य केले. त्या कल्पनेने कोणी फसत नाही, कारण ती कल्पना आहे हे सर्वांस ठाऊक असते.

संगणकावरचे चित्र मात्र इतके घन आणि छायाप्रकाशयुक्त असते की पाहणारा संकेतच विसरतो. गणनेचा भार वाचावा म्हणून आकृतिकार पुष्कळदा गुळगुळीत दंडगोलावर आट्यांचे नुसते चित्र चिकटवितात. निमुळतेपणा मुकाट्याने नाहीसा होतो. आणि तीच आकृती त्रिमितीय मुद्रणयंत्राकडे धाडली तर हाती केवळ सपाट दांडा येतो. यंत्रास संकेत कळत नाही.

तर मग प्रत्येक वेढा कोरून दाखवावा? तेथेही सत्य निसटते. घट्ट पिळलेल्या जोडाच्या स्थितीत दोन्ही आकृत्या बसविल्या, की त्या एकमेकींत घुसल्या म्हणून संगणक दोष दाखवितो. परंतु धातूने धातूस दाबणे हाच तर या जोडाचा प्राण! उरलेली फट सफेदा लावलेला ताग किंवा टेफ्लॉनची फीत बुजविते, आणि ती तर कोणीच काढीत नाही.

खरी हानी अक्षरे गाळल्याने होते. आपल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी एनपीटी आट्याचा ६०. अर्ध्या इंचाच्या मापात दोहोंचेही इंचामागे १४ वेढे. म्हणून ते काही फेरे एकमेकांत बसतात, आणि पुढे जोड गळू लागतो. चित्रात दोघे जुळे भाऊ.

म्हणून एखाद्या कंत्राटास जोडलेला आराखडा वाचताना आटे किती हुबेहूब काढले आहेत हे मी पाहत नाही. त्याखाली मानकाचे नाव, आटा निमुळता की समांतर, आणि ‘दर्शनार्थ आकृती’ ही टीप आहे काय, एवढे पाहतो. ती टीप नसेल, तर गळक्या जोडाचा दोष नळ बसविणाऱ्याच्या माथी मारण्याआधी आराखडा करणाऱ्यास विचारले पाहिजे, असे माझे मत आहे.