दुसरी सर्व्हिस

टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला प्रत्येक गुणासाठी दोन संधी मिळतात. पहिली चुकली तरी काही जात नाही. दुसरी चुकली की गुण समोरच्याचा. आम्ही तीन-चार शिक्षक फजरनंतर सिमेंटच्या कोर्टवर जमतो, आणि आम्हा सर्वांचा रोग एकच होता. पहिली सर्व्हिस जीव खाऊन हाणायची, ती जाळ्यात गेली की दुसऱ्या वेळी हात आखडायचा, चेंडू हळूच पलीकडे ढकलायचा. याला आम्ही एहतियात म्हणत होतो.

टॉपस्पिन सर्व्हिस शिकायला लागलो तेव्हा आधी पकड बदलावी लागली. तवा धरावा तशी रॅकेट धरायची सवय होती, ती हातोडीसारखी धरायची. चेंडू डोक्यावर, किंचित डावीकडे उडवायचा आणि रॅकेट त्याच्या पाठीवरून खालून वर घासत न्यायची. समोर नव्हे, आकाशाकडे मारायचे. पहिले कित्येक दिवस चेंडू कुंपणापलीकडे जात होते. आमच्यातल्या एकाने तर "पहिलंच बरं होतं" म्हणून रॅकेट पिशवीत घातली.

जाळे मध्यभागी 3 फूट उंच असते आणि चेंडू त्याच्यापलीकडे 21 फुटांच्या आत पडावा लागतो. पुढच्या बाजूला गरगरत जाणारा चेंडू जाळ्यावरून चांगला उंच जातो आणि मग हवा त्याला खाली दाबते. तिरप्या रॅकेटने मारलेला चेंडू वळतो, हे न्यूटनने 1672 सालच्या पत्रात लिहून ठेवले आहे. पण आम्हाला चकित केले ते वेगळ्याच गोष्टीने. ही फिरकी हाताच्या वेगातून येते. भिऊन हात मंदावला की फिरकी गेली, आणि उंच मारलेला चेंडू रेषेबाहेर. चेंडू आत पडावा असे वाटत असेल तर हात पुरता फिरवावाच लागतो.

दुबळ्या सर्व्हिसनेही जिंकता येते, हे मान्य. रशियाच्या एलेना देमेंतिएवाला तिच्या सर्व्हिसने वर्षानुवर्षे छळले, 2004 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यातही. तरी 2008 मध्ये बीजिंगला तिने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवलेच. पण आमचा प्रश्न जिंकण्याचा नाही. एहतियात आणि भीती बाहेरून सारख्याच दिसतात. मग आपण नेमके काय करतो आहोत हे आपल्याला तरी कसे कळावे? उंट बांधून मग तवक्कुल करावे, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. उंट बांधायला सांगितले आहे, प्रवास रद्द करायला नाही.

गेल्या वर्षी आमच्या नववीतल्या एका मुलीला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मराठीतून बोलायचे होते. भाषण तिने स्वतः लिहिले होते आणि ते चांगले होते. 'ळ' आणि 'ण' मात्र अडखळत होते. सभागृहात पोरे हसतील, पोरगी खचेल, असा विचार करून आम्ही तिचे नाव उर्दू गटात घातले. ती "जी सर" म्हणाली. तिला दुसरे बक्षीस मिळाले, शाळेत पेढे वाटले गेले, आणि आम्ही आपल्या शहाणपणावर खूश झालो. पंधरा दिवस तिच्याजवळ बसून उच्चार घोटून घेता आले असते. तेवढे करूनही ती हरली असती, कदाचित हसेही झाले असते. पण ते हसे आपल्या शाळेचे, म्हणजे आपले होईल, ही धास्ती त्या निर्णयात किती होती, याचा हिशेब आम्ही तेव्हा केला नाही. एहतियात तिच्या नावाने केली, भीती आमची होती.

यंदाचे परिपत्रक आले तेव्हा आम्ही आपणहून तिला बोलावले. मराठी गटात नाव देऊ का, असे विचारले. ती आता दहावीत आहे.

"नको सर, उगाच गोंधळ होईल," ती मराठीतच म्हणाली.

'गोंधळ'मधला 'ळ' स्वच्छ होता.