वळसे किती?

बाळगुटीचं सामान काष्ठौषधींच्या दुकानात आजही एका पुडीत बांधून मिळतं. हळकुंड, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, मायफळ, काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. दुकानागणिक दोन-चार नावं इकडची तिकडे होतात. पुडीत एक गोष्ट मात्र कधीच नसते: कशाचे किती वळसे. सहाणेवर दुधात प्रत्येक काडी गोल फिरवायची, एक फेरा म्हणजे एक वळसा. किती फेरे घ्यायचे ते घरातली म्हातारी बाळाकडे बघून ठरवायची. पोट टम्म आहे, मुरुडशेंगेचा एक वळसा वाढव. शी पातळ झालीय, आज हिरडा नको. जायफळ नुसतं टेकव, नाहीतर पोर दिवसभर डोळे उघडायचं नाही. बाळ मोठं होईल तसे वळसे वाढायचे, आजारी पडलं तर थांबायचे.

मी गुटीची वकिली करत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ते योग्यच आहे. सहाणेवरचे आणि बोटांवरचे जंतू बोंडल्यातून थेट पोटात जातात. गुटीबरोबर चाटवला जाणारा मध एक वर्षाखालच्या मुलाला घातक ठरू शकतो. वेखंडातल्या असारोन या द्रव्यामुळे प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्या, म्हणून १९६८ मध्ये अमेरिकेनं खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. तेव्हा म्हातारीचं माप चुकीचं असू शकत होतं. पण माप होतं, आणि ते चुकतंय का हे बघणारी माणसंही त्याच खोलीत होती.

परसातल्या औषधांविषयी आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं त्यातून नेमका हाच भाग गळालेला असतो. तुळस अमुकावर, शेवगा तमुकावर, गवती चहा आणखी कशावर. झाड आणि रोग यांच्या जोड्या लावल्या की ज्ञान झालं, असा समज. जुन्या मराठी वैद्यक पुस्तकांत निदान वजनं तरी असत: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सोबत अनुपान असे, म्हणजे मधातून द्यायचं की तुपातून की ताकातून, पथ्य असे, आणि ‘गर्भिणीस देऊ नये’ अशी ताकीद असे. आज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या निरोपात ‘मूठभर पानं उकळून रिकाम्या पोटी’ एवढंच असतं. कुणाची मूठ, किती दिवस, आणि आधीच रक्तदाबाची गोळी चालू असेल तर काय, याचा पत्ता नाही. नाव प्रवासाला निघालं, हद्द घरीच राहिली.

याची किंमत गुळवेलीनं दाखवली. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीचा एवढा धसका घेतला गेला की कुंपणाकुंपणावरची गुळवेल ओरबाडली गेली. आयुष मंत्रालयाच्या सल्ल्यांतही गुळवेलीला मानाचं स्थान होतं. कडुनिंबावर चढलेली गुळवेल चांगली, हे सांगणारी माणसं पूर्वी होती; आता मिळेल ती कापून रोज उकळून प्यायची, महिनोन् महिने. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे असे सहा रुग्ण आले, ज्यांच्या यकृताच्या दाहाचा संबंध गुळवेलीशी लागत होता. त्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या यकृतावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा उलटली होती. पुढच्या वर्षी देशभरच्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: ही खरी गुळवेल नसावी, तिच्यासारखीच दिसणारी, खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असलेली दुसरी जात असावी.

हा वाद ज्यांनी सोडवायचा त्यांनी सोडवावा. माझ्या दृष्टीनं दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगताहेत. वेल चुकीची असेल तर ओळखणारा माणूस मध्ये नव्हता. वेल बरोबर असेल तर ‘तुला हे चालणार नाही’ असं सांगणारा नव्हता. आणि प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ ही कल्पना तरी कुठली? काढा हा दुखण्यापुरता, चार-आठ दिवसांचा. निरोगी माणसानं तो पिढीजात व्रतासारखा रोज प्यावा, ही टूम बाटलीबंद काढ्यांच्या बाजारानं फोफावली आणि परंपरेच्या नावावर खपवली.

मग हद्द हरवलेलं हे ज्ञान इतका विश्वास कसं कमावतं? उत्तरासाठी काविळीकडे बघावं. महाराष्ट्रात कावीळ ‘उतरवणारा’ कुणी माहीत नाही असं गाव सापडणं कठीण. कुठे एरंडाच्या पानांचा रस, कुठे भुईआवळा वाटून ताकातून, कुठे देवडांगरीचे थेंब नाकात. कुठे मंत्रून दिलेली काड्यांची माळ, जी कावीळ उतरेल तशी लांबत जाते. कुठे सालीचा रस हाताला चोळून वर चुन्याची निवळी ओतली की पिवळं पाणी गळतं आणि ते पाहून अख्खं कुटुंब सुस्कारा टाकतं. या सगळ्यांकडे बरे झालेले रुग्ण आहेत, शेकड्यांनी आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत.

कारण साधं आहे. आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या अ आणि ई या विषाणूंची असते आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली तरी, नाही घातली तरी. (उसाचा रस प्या म्हणून सांगतात आणि रुग्ण गाड्यावरचा बर्फ घातलेला रस पितो, तरीही.) औषध देणाऱ्याच्या खात्यात यश आपसूक जमा होत जातं. जे बरे होत नाहीत ते त्याच्याकडे परत येत नाहीत, ते जिल्ह्याच्या गावी जातात, आणि काही तिथून घरी येत नाहीत. ई विषाणूची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. त्या बाईला पंधरा दिवस एरंडाच्या रसावर ठेवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

यातला भुईआवळा काही काळ जगभर गाजला होता, तो ब विषाणूच्या काविळीसाठी. ही कावीळ वेगळी. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतो. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासच्या संशोधकांचा निबंध आला. ३७ वाहकांना महिनाभर भुईआवळ्याची पूड दिली, २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली त्या २३ जणांत एकाचीच गेली. निबंधाच्या लेखकांत बारूच ब्लमबर्ग होते, ब विषाणूच्या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळालेले. आजीबाईचा बटवा जिंकला, असं वाटावं असा तो क्षण होता. पण इतर देशांत हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसं यश मिळालं नाही. आपल्याकडच्या लेखांत या गोष्टीचा पहिला अर्धा भाग अजून छापला जातो, दुसरा नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल की मग सगळंच थोतांड. तसं म्हणणाऱ्यांनी सर्पगंधेचा इतिहास वाचावा. वेडाच्या झटक्यावर आणि निद्रानाशावर हे मूळ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरात होतं. १९३१ मध्ये कलकत्त्याचे सेन आणि बोस यांनी त्यानं रक्तदाब उतरतो हे लिहून ठेवलं, आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते मोजून दाखवलं. ५० रुग्ण, ठरलेली मात्रा, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब, दिसलेले दुष्परिणाम. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये हे छापून आल्यावर पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. आणि पुढे हेही दिसलं की या औषधानं काही रुग्ण खोल उदासीत जातात, म्हणून नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. वकिलांनी जे केलं ते माझ्या मते म्हातारीच्याच कामाची पुढची पायरी: देत जायचं, बघत राहायचं, वळसा कमी-जास्त करायचा. फरक इतकाच की त्यांनी पन्नास जणांचं लिहून ठेवलं.

सदाफुलीची कथा जास्त वाकडी आहे. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर पीत, म्हणून १९५२ मध्ये तिथून पानं कॅनडात पाठवली गेली. रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटल्या. त्यातून चार्ल्स बिअर यांच्या साथीनं व्हिनब्लास्टिन हाती लागलं, मागोमाग अमेरिकेत व्हिनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही शिरेतून देतात. म्हणजे लोकांचा दावा फसला, झाड मात्र विलक्षण निघालं. काही ग्रॅम औषधासाठी टनावारी पानं लागतात, तेव्हा अंगणातली चार फुलं खाऊन कर्करोग बरा होणार नाही. आणि ज्या झाडाच्या फुलांची ‘साखरेवर रामबाण’ अशी शिफारस मराठी घरांत अजून होते, त्या झाडाची ख्याती पांढऱ्या पेशी मारण्याची आहे, एवढं तरी खाणाऱ्याला ठाऊक असावं.

शिवाय सदाफुली आपली नव्हेच. ती मादागास्करची, मुतखड्यावर जिचं पान खातात ती पानफुटीही तिथलीच. जुलाबावर ज्याची कोवळी पानं चघळायला देतात तो पेरू अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेला. चरकाच्या वेळी यातलं काही इथे नव्हतं. तरी दोन-चारशे वर्षांत ही झाडं आपल्या घरगुती औषधांत अशी बसली की आज त्यांना ‘ऋषिमुनींची देणगी’ म्हणतात. परंपरा जिवंत होती याचं हे लक्षण. परक्या झाडाचं पान चावून, करून, बघून तिनं ते घेतलं. तिला गोठवून देव्हाऱ्यात आपण बसवलं.

लिहून ठेवण्याचंही आपल्या माणसांना वावडं नव्हतं. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ करवला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे एळवा समाजातले वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य. या तिघांचं कोकणी निवेदन नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेलं आहे. सातशेहून अधिक वनस्पती, प्रत्येकीचं चित्र, आणि चित्रावर नागरीतही नाव. चित्र का? तर नाव फसवतं. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक गोल पानांची जमिनीवर पसरणारी आणि एक बारीक मांसल पानांची. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांना कळलेली ही अडचण आज निरोप पुढे ढकलणाऱ्याला शिवत नाही.

मग परसात काय ठेवावं? माझं मत असं की अंगाच्या बाहेरून लावायचं ते बहुतेक निर्धास्त ठेवावं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी, मुरगळलेल्या पायाला निर्गुडीच्या पाल्याचा शेक. भाजलेल्या जागी कोरफडीचा गर लावावा, पण पोटात घ्यायची हौस असेल तर कापलेलं पान उभं ठेवून पिवळा चीक गळू देण्याची जुनी रीत मोडू नये. तो चीक जहाल रेचक आहे. पावसाळ्यात गवती चहा-आलं खुशाल प्यावं, तो चहाच आहे. अडुळसा खरोखर कफ सोडवतो, खोकल्याचं ब्रोमहेक्सिन त्याच्यातल्याच व्हॅसिसिनवरून बेतलेलं आहे; पण त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदर बाईला तो नको. आणि कावीळ, छातीत कळ, लहान मुलाचे जुलाब, न उतरणारा ताप यांच्यासाठी परसाकडे वळूच नये.

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर एखाद्या सुट्टीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. झाडाचं नाव शेवटी विचारा. आधी विचारा: किती द्यायचं, किती दिवस, कुणाला देत नसत, आणि कोणत्या दिवशी ‘आता दवाखान्यात न्या’ म्हणत. वहीच्या त्याच पानावर त्या झाडाचं पान दाबून चिकटवा. डॉक्टरांनाही एक विनंती आहे: रुग्ण ‘काढा घेतो’ म्हणाला की त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. आणि तुम्ही रोज काही घेत असाल, गुळवेलीच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, कुणी दिलेली पूड, तर ते डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर नक्कीच सांगा. लसणाच्या कॅप्सूलनं रक्त गोठायला वेळ लागू शकतो.