आपला माणूस

मी करंजाड्यात राहतो. जवळच्याच एका गोदामात कामाला होतो. तिथं आमच्यातला एक पोरगा होता, जयंतीच्या कमिटीत माझ्याबरोबर राबलेला. आमच्याच समाजातली एक बाईही त्याच शिफ्टला होती. त्यानं तिला विचारलं. ती नाही म्हणाली. इथवर कुणाचाच गुन्हा नाही.

पण गडी थांबेना. रोज रिक्षा स्टँडवर उभा. रात्री-बेरात्री फोन. तिची शिफ्ट बदलली की याचीही बदलायची. शेवटी ती माझ्याकडं आली. मी म्हणलं, "ताई, आपलाच माणूस आहे. बोभाटा झाला तर समाजाची नाचक्की. मी समजावतो त्याला."

ती म्हणाली, "दादा, हेच सुपरवायझरनं केलं असतं तर तुम्ही गेटवर मोर्चा आणला असता ना?"

मी गप्प. पुढच्या महिन्यात तिनं काम सोडलं. पगार तिचा बुडाला, इज्जत समाजाची वाचली म्हणे!

मित्रांनो, अन्याय करणाऱ्याची जात बघून अन्याय ठरवायचा का? गावाची अब्रू जाईल, गप्प बसा, ही भाषा आपल्या बापजाद्यांनी पाटलाच्या तोंडून ऐकली. तीच मी बोललो. वर जय भीम लावला, एवढाच फरक.

बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं, की समाजाची प्रगती ते बायांच्या प्रगतीवरून मोजतात. १९५६ ला त्याच नागपुरात पंचशील दिलं. त्यातल्या तिसऱ्या शीलात कार्यकर्त्याला सूट नाही.

आणि कायदा? १९९२ साली राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवीवर सामूहिक बलात्कार झाला. कुंभार समाजातली बाई, सरकारी योजनेत काम करणारी. बालविवाह रोखायला गेली, हा तिचा अपराध. १९९५ ला कोर्टानं आरोपींना बलात्कारातून सोडलं. बलात्काराच्या त्या घटनेतूनच विशाखा खटला उभा राहिला होता, १३ ऑगस्ट १९९७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, २०१३ ला कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती हवी, अध्यक्ष बाईच. दहाच्या आत असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. लेखी तक्रार तीन महिन्यांत करायची. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. समेट फक्त बाईनं मागितला तरच, आणि पैशावर नाहीच.

मी मात्र तिला न विचारताच समेट करून मोकळा झालो होतो. हे सगळं वाचलं तोवर सहा महिने उलटून गेले होते.

तुमच्याकडं अशी कुणी आली तर त्याला समजावायला धावू नका. आधी तिला विचारा, तुला काय हवंय? अर्ज लिहायचा म्हणाली तर शेजारी बसा, तारखा नीट टिपा. आणि तुम्हालाच कुणी नाही म्हणाली, तर तिथंच थांबा.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिनं पाणी दिलं, बोलली नाही. न बोलण्याचा तिला हक्क होता.

जय भीम.